कुठला रेडिओ घेऊ हे नंतर, आधी सेक्टरवर कोण बसणार ते सांगा

अधूनमधून कोणीतरी नवीन आयएसपीवाला, म्हणजे इंटरनेट पुरवणारा, फोन करतो आणि विचारतो, दादा पॉइंट टू मल्टिपॉइंटला, म्हणजे एका टॉवरवरून अनेक घरांना नेट द्यायला, कुठला रेडिओ घेऊ, युबिक्विटी की कॅम्बियम की मिमोसा, आणि मी दर वेळी तेच सांगतो की रेडिओचं नंतर बघू, आधी सांग त्या सेक्टरवर कोण कोण बसणार आहे. समोरचा जरा हिरमुसतो. त्याला मॉडेल नंबर पाहिजे असतो, आणि मी त्याला मधली आंब्याची कलमं किती उंच झालीत ते विचारत बसतो.

आमचं नेटवर्क देवगड तालुक्यात आहे. बाजारात फायबर, आणि सड्यावरच्या, म्हणजे वरच्या खडकाळ पठारावरच्या, टॉवरवरून खाली वाड्यांना वायरलेस. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, टॉवरवर एक रेडिओ आणि त्याला सेक्टर अँटेना, तो समजा ९० अंशांत सिग्नल फेकतो, आणि समोरच्या वाड्यांमधे घराघरावर छोटी डिश, जिला सगळे अजूनही छत्रीच म्हणतात. एक रेडिओ वर, तीस-चाळीस खाली. वायर नाही, खोदाई नाही, फणसाची फांदी पडून केबल तुटली हा प्रकार नाही, सकाळी चढवलं की संध्याकाळी ग्राहक चालू. म्हणूनच सगळ्यांना हे सोपं वाटतं.

आता गंमत अशी की हे तीस-चाळीस जण एकच चॅनल वाटून घेतात आणि जे वाटलं जातं ते एमबीपीएस नसतंच मुळी, तो असतो वेळ. २० मेगाहर्ट्झच्या चॅनलवर, टू बाय टू (एकदम दोन प्रवाह पाठवणाऱ्या) रेडिओवर, चांगला सिग्नल असलेला ग्राहक २५६ क्वामवर, म्हणजे डेटा दाटीवाटीने भरणाऱ्या मॉड्युलेशनवर, चालतो, म्हणजे कागदावर १५६ एमबीपीएस. सिग्नल एकदम मेलेला असेल तर तो सगळ्यात खालच्या मॉड्युलेशनवर येतो, तिथे कागदावर १३. म्हणजे बारापट फरक. दोघांनीही ६ एमबीपीएसचा व्हिडिओ लावला तर पहिला सेक्टरचा जेमतेम ४ टक्के वेळ घेतो आणि दुसरा ४६ टक्के, दोघांचा प्लॅन तोच, दोघांचं बिल तेच. ग्रामसभेत एखादे आजोबा अडखळत अडखळत एकच मुद्दा अर्धा तास मांडतात आणि बाकी सगळे ताटकळत बसतात ना, अगदी तसं. आणि तक्रार कोण करतो, तर ज्याचा सिग्नल झकास आहे तो, कारण त्यालाच बफरिंग दिसतं. मुलगा जाऊन त्याची डिश परत अलाइन करून येतो, ज्यात काहीच बिघडलेलं नसतं.

म्हणून माझ्या मते या धंद्यातलं खरं कौशल्य नाही म्हणण्यात आहे. गावात नाही म्हणणं किती कठीण असतं ते गाववाल्यालाच कळेल. एक आजी मला दिसलो की हटकून विचारतात, "अरे झिला, तुझो टावर माझ्या खळ्यातसून दिसता, मगे माका नेट कित्या नाय?" आता त्यांना काय सांगू. दिसतो हे खरंच आहे, पण नुसतं दिसून भागत नाही. रेडिओची लाट दोऱ्यासारखी सरळ येत नाही, मधे फुगते, त्या फुगवट्याला फ्रेनेल झोन म्हणतात, आणि ५.८ गिगाहर्ट्झवर ५ किलोमीटरच्या लिंकला तो बरोब्बर मधोमध साधारण ८ मीटर त्रिज्येचा असतो. त्यातला निदान ६० टक्के भाग मोकळा पाहिजे, म्हणजे नजरेच्या रेषेखाली जवळजवळ ५ मीटर. आजींच्या रेषेखाली बरोबर त्याच जागी हापूसची बाग आहे.

झाडांचं तर काय बोलावं. ५ गिगाहर्ट्झला पान म्हणजे भिंतच, त्यात पावसात भिजलेलं पान. तीसेक मीटर जाडीची गच्च बाग मधे आली की हिशोबाने १५-१६ डीबी जातात, म्हणजे ताकद तिसाव्या हिश्शापेक्षाही खाली. आणि कलमं वाढतात हो! छत्री लावली तेव्हा कलम खांद्याइतकं होतं, सिग्नल मस्त होता, चार वर्षांनी तोच ग्राहक "तुमचं नेट पूर्वीसारखं राहिलं नाही" म्हणतो आणि आपण टॉवरवर रेडिओ बदलायचा विचार करत असतो. बदलायची असते छत्रीची जागा. आंबेवाल्याला फांदी छाटा म्हणून सांगायला मात्र जाऊ नये, एका हंगामाचं गणित असतं त्यांचं.

हिशोब कागदावर करूनच जायचं खरं तर. आपल्याकडे ५७२५ ते ५८७५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात अँटेना धरून ४ वॉटची मर्यादा आहे, म्हणजे ३६ डीबीएम (सिग्नलची ताकद मोजायचं एकक). ५ किलोमीटरला हवेतच सुमारे १२२ डीबी उडतात. घरावर २३ डीबीआयची, म्हणजे सिग्नलमधे २३ डीबीची भर घालणारी, डिश असेल तर उणे ६३ डीबीएमच्या आसपास सिग्नल मिळायला पाहिजे, आकडा शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. मिळतंय उणे ७५? मग मधे काहीतरी आहे, झाड, पत्रा, दुसऱ्याची पाण्याची टाकी, किंवा डिश मुख्य बीमवर नाही तर बाजूच्या लोबवर, म्हणजे कमजोर फाट्यावर, बसलीय. आमचा नियम साधा, उणे ६५ पेक्षा वाईट असेल तर ग्राहक घ्यायचा नाही, ओळखीचा असला तरी नाही, सरपंच असले तरी नाही. मग काय करायचं, तर त्याच वाडीत एक उंचावरचं घर शोधायचं ज्याला टॉवर नीट दिसतो, तिथे एक चांगली लिंक घ्यायची, आणि तिथून छोटा रेडिओ किंवा सरळ वायर टाकून खालच्या पाच-सहा घरांना द्यायचं. ज्याच्या छपरावर बसवलं त्याला नेट फुकट, लाईट बिलाचे थोडे पैसे. वर सेक्टरला सहा मरतुकड्या छत्र्यांऐवजी एकच तगडा ग्राहक दिसतो. आजींचं काम पण असंच झालं, पुतण्याच्या माडीवरून. आता त्या सीरियल मोबाईलवर बघतात आणि टीव्ही बंद ठेवतात, ते एक असो.

या सगळ्याची परीक्षा असते गणपतीत. वर्षभर ज्या घरात दोन म्हातारी माणसं आणि एक फोन असतो तिथे मुंबईहून बारा जण येतात, प्रत्येकाच्या हातात फोन, कोणी वर्क फ्रॉम होमच्या नावावर दोन दिवस जास्त राहिलेला, आणि रात्री आरत्या-भजनं झाली की सगळे एकदम ऑनलाइन. त्यात आरतीचा व्हिडिओ कॉल दुबईतल्या भावाला, म्हणजे अपलोड. आपण डाउनलोडला ७५ टक्के वेळ दिलेला असतो आणि अपलोडला २५, ते गणपतीत पुरत नाही. मी त्या दिवसांत हे प्रमाण बदलून ठेवतो, आणि सेक्टरवर तीसच्या वर ग्राहक असतील तर चतुर्थीच्या आधीच दुसरा सेक्टर चढवतो. चाकरमान्यांचं नेट गेलं तर फोन आपल्याला नंतर येतो, आधी घरातल्या बिचाऱ्या काकांना बोलणी बसतात.

बरं, आता फ्रिक्वेन्सीचं. नवीन मुलांना वाटतं ५ गिगाहर्ट्झ पहिल्यापासून असाच मोकळा होता. २००७ च्या नियमात बाहेर लावायला विनापरवाना होता तो ५८२५ ते ५८७५ एवढाच पट्टा, ५० मेगाहर्ट्झ. त्यात २० चे दोन चॅनल बसतात, संपलं. चार सेक्टरचा टॉवर कसा करणार? ऑक्टोबर २०१८ मधे दूरसंचार विभागाने नवीन नियम काढले आणि ५१५० ते ५३५०, ५४७० ते ५७२५ आणि ५७२५ ते ५८७५ असे मिळून ६०५ मेगाहर्ट्झ मोकळे केले, तेव्हा कुठे हा धंदा नीट श्वास घ्यायला लागला. पण मोकळं म्हणजे सगळ्यांनाच मोकळं. हॉटेलवाल्याचा कॅमेरा, दुसऱ्या आयएसपीची लिंक, घरातला राउटर, सगळे तिथेच. वाडीत नॉइज, म्हणजे हवेतला गोंगाट, उणे ९५ असतो तिथे उणे ६० चा सिग्नल म्हणजे ३५ डीबीचं अंतर, २५६ क्वाम आरामात. तोच सिग्नल बाजारात, जिथे नॉइज उणे ८० आहे, तिथे २० डीबीवर येतो आणि मॉड्युलेशन धाडकन खाली. म्हणून बाजारात मी वायरलेस देतच नाही. आणि स्पीड वाढवायला चॅनल ४० किंवा ८० चा करायचा हा मोह पण टाळावा, चॅनल दुप्पट केला की नॉइज ३ डीबीने वाढतो शिवाय शेजाऱ्याचा कचरा पण आत येतो.

आता थोडं मशिनांबद्दल, नाहीतर म्हणाल टाळलं. साधं वायफाय आधी ऐकतं मग बोलतं, पण डोंगराच्या दोन बाजूंच्या दोन छत्र्यांना एकमेकींचं ऐकूच येत नाही, दोघी एकदम बोलतात आणि वर टॉवरला काहीच कळत नाही. म्हणून युबिक्विटीचं एअरमॅक्स, मायक्रोटिकचं एनव्ही२, कॅम्बियमचं ईपीएमपी हे सगळे पाळी ठरवून देतात, तुझी वेळ झाली की तू बोल. एवढं सगळ्यांकडे आहे. फरक पडतो तो जीपीएस सिंकमधे, म्हणजे जीपीएसच्या घड्याळावरून सगळ्या रेडिओंची वेळ जुळवण्यात. एकाच टॉवरवर एक सेक्टर बोलत असताना पाठीला पाठ लावून बसलेला दुसरा ऐकत असेल तर तो बहिरा होतो, सिंक असेल तर सगळे एकदम बोलतात आणि एकदम ऐकतात, मग पाठीला पाठ असलेल्या सेक्टरला तीच फ्रिक्वेन्सी परत वापरता येते. कॅम्बियम २०११ मधे मोटोरोलातून वेगळी झाली, आणि हे सिंकचं डोकं त्यांच्याकडे जुन्या कॅनोपी रेडिओपासून आहे. पैसे जास्त, पण चार सेक्टर असतील तर द्या. एकच सेक्टर असेल तर स्वस्तातला घ्या आणि उरलेले पैसे अँटेनात घाला. आरएफ एलिमेंट्सचे हॉर्न अँटेना बघा, गेन (सिग्नल एकवटण्याची ताकद) कमी पण बाजूला आणि मागे घाण टाकत नाहीत, दोन-तीन किलोमीटरच्या दाट वाड्यांना मला तेच बरे वाटतात.

एक खास आमच्याकडचं दुखणं सांगतो, खाडी. वाघोटनच्या खाडीवरून पलीकडच्या गावाला लिंक असेल तर सिग्नल भरती-ओहोटीबरोबर नाचतो. पाण्यावरून उसळलेली लाट आणि सरळ आलेली लाट कधी एकमेकींना मदत करतात कधी मारतात, पाण्याची पातळी बदलली की गणित बदललं. ग्राहक म्हणतो रोज वेगळ्या वेळी जातं, आणि आपल्याला वाटतं हा उगाच बोलतोय. पंचांगातली भरतीची वेळ बघा, जुळेल! अँटेना थोडी खाली-वर केली, किंवा पाणी दिसणार नाही अशी मागे सरकवली की पुष्कळ फरक पडतो. उंच लावणं नेहमीच चांगलं नसतं.

पाऊस मात्र उगाच बदनाम आहे. ५ गिगाहर्ट्झला पावसाच्या थेंबांनी फारसं काही होत नाही. पावसात नेट जातं ते कनेक्टरमधे पाणी शिरल्यामुळे, भिजलेल्या पानांमुळे, आणि लाईट गेल्यामुळे. घरावरचा रेडिओ दहा वॉटही खात नाही, ग्राहकाला एक छोटा बारा व्होल्टचा यूपीएस घ्यायला लावला तर अर्ध्या तक्रारी संपतात. वीज पडण्याचं वेगळं, ती मे महिन्यातल्या वळवात आणि ऑक्टोबरात. जांभ्याच्या सड्यावर अर्थिंग मिळवणं म्हणजे शिक्षा आहे, खडक कोरडा, रेझिस्टन्स उतरतच नाही, खोल बोअर मारून बेंटोनाइट (ओल धरणारी माती) भरल्याशिवाय सर्ज प्रोटेक्टर नुसता शोभेला. आणि खाऱ्या हवेत साधा जीआय क्लॅम्प दोन-तीन वर्षांत गंजून हातात येतो, स्टेनलेस ३१६ घ्या.

आता मोठ्यांचं. जिओ एअरफायबर, म्हणजे मोबाईलच्या टॉवरवरून घरात नेट, २०२३ च्या गणेश चतुर्थीला सुरू झालं, आणि त्याच वर्षी जिओच्या रॅडिसिसने मिमोसा ६ कोटी डॉलरला विकत घेतली, म्हणजे ५ गिगाहर्ट्झचे पॉइंट टू मल्टिपॉइंट रेडिओ बनवणारी कंपनी आता त्यांच्याच घरातली. लोक विचारतात तुमचा धंदा संपणार का. बाजारात आणि हायवेलगत कठीण आहे, खोटं कशाला बोला. पण दरीतल्या वाडीत, जिथे मोबाईलचा टॉवर डोंगराआड आहे, तिथे कोणालातरी छपरावर चढून डिश फिरवावीच लागते, आणि तो माणूस त्याच गावातला असेल तर बरं पडतं.

झाडांवर खरा उपाय खालच्या फ्रिक्वेन्सीत होता. आयआयटी मुंबईने पालघरमधे खामलोली आणि आसपासच्या वाड्यांना टीव्हीच्या रिकाम्या यूएचएफ पट्ट्यातून नेट देऊन दाखवलं, त्यांच्या ग्राममार्ग प्रकल्पाला २०१७ मधे मोझिलाच्या स्पर्धेत पहिलं बक्षीसही मिळालं. यूएचएफ झाडांतून ५ गिगाहर्ट्झच्या मानाने कितीतरी आरामात जातं. पण तो पट्टा आमच्यासारख्यांना विनापरवाना मिळालाच नाही. याचा मला अजून राग येतो.

सध्या माझा डोळा ताराना कंपनीच्या जी१ या रेडिओवर आहे. नॉइज स्वतःच कापून काढतं, सरळ दिसत नसलेल्या घरालाही देतं असं कंपनी म्हणते, कंपनी कॅलिफोर्नियाची पण संशोधनाचं काम आपल्या पुण्यातही चालतं. किंमत ऐकून मात्र मी पाणी प्यायलो. तर कोकणात, म्हणजे खरोखरच्या कलमांच्या बागांत आणि खरोखरच्या जुलैत, कोणी लावून बघितलं असेल तर जरूर कळवा, स्पीड टेस्टचे स्क्रीनशॉट नकोत, संध्याकाळी आठ ते अकराचा ग्राफ पाठवा.