आमची वाटचाल : हिरव्या बनातीवरचा भाव

आमच्या बंदूक-रिव्हॉल्व्हरच्या दुकानात विकायला आलेल्या हत्याराचा भाव आम्ही तोंडी सांगत नाही. कागदावर लिहून देतो. काय पाहिलं, किती कापलं, का कापलं आणि आमची दलाली किती, हे सगळं त्या एकाच कागदावर असतं. विकणाऱ्याला एक प्रत, घेणाऱ्याला तीच प्रत. ही पद्धत आजोबांची नाही, वडिलांचीही नाही. ती माझ्या एका चुकीतून आली. ती चूक सांगण्याआधी थोडं मागं जावं लागेल.

आजोबा मूळचे दुरुस्तीवाले. कोल्हापूर भागात शिकारीचा नाद जुना. सरदार, इनामदार, मोठे बागायतदार यांच्या बंदुका त्यांच्याकडे यायच्या. दस्ता फुटला, स्प्रिंग बसली, नळीला पोचा आला, अशी कामं. शस्त्र कायदा 1959 चा, पण तो लागू झाला 1 ऑक्टोबर 1962 पासून. त्यानंतर दोनेक वर्षांत आजोबांनी विक्रीचाही परवाना काढला. 1972 च्या वन्यजीव कायद्यानं शिकार संपली आणि दुकानाचं रूपच पालटलं. राहिले ते शेत राखणारे, स्वरक्षणासाठी परवाना घेतलेले आणि नेमबाजी करणारे.

वडिलांच्या काळात त्याहून मोठी गोष्ट घडली. ऐंशीच्या दशकात परदेशी हत्यारांची आयात सामान्य परवानाधारकाला बंद झाली. तिकडे बनवणारेही थांबत होते. बर्मिंगहॅमच्या वेब्ली अँड स्कॉटनं 1979 मध्ये बंदुका-रिव्हॉल्व्हर करणं सोडलं. अमेरिकेतली हॅरिंग्टन अँड रिचर्डसन ही 1871 पासूनची जुनी कंपनी 1986 मध्ये बंद पडली. म्हणजे करणारे गेले आणि आणणंही थांबलं. देशात जे नग होते तेच फिरत राहिले. पॉइंट बावीसचं, म्हणजे बारीक गोळीचं, एखादं जुनं रिमफायर (काठावर ठोका बसणाऱ्या काडतुसाचं) रिव्हॉल्व्हर अमेरिकेत आजही काही शे डॉलरला मिळतं. इथं त्याचे लाख-दीड लाख सहज मागतात. त्यातले हत्याराचे किती आणि टंचाईचे किती, हे वेगळं करून सांगणं हाच आमचा खरा धंदा आहे, असं मी मानतो.

आता ती चूक. मी दुकानात नवा होतो. दुसऱ्या शहरातल्या एका विक्रेत्याकडून एक बावीसचं रिव्हॉल्व्हर घेतलं. काळंभोर, आरशासारखं. साठ वर्षांचा नग इतका नवा कसा, हे विचारायचं मला सुचलं नाही. ‘मूळ पॉलिश’ म्हणून पूर्ण भावानं एका डॉक्टरांना विकलं. महिन्याभरानं ते परत आले. काही बोलले नाहीत, फक्त भिंग पुढं केलं. फ्रेमवरची अक्षरं पसरट झाली होती, कडा गोल झाल्या होत्या आणि स्क्रूच्या भोकांभोवती बशीसारखा खोलगटपणा आला होता. कुणीतरी गंज घासून काढून नव्यानं ब्ल्यूइंग, म्हणजे पोलादावर चढवायचा निळा-काळा थर, केलं होतं. वडिलांनी त्यांना सगळे पैसे देऊ केले आणि तो नग योग्य ती कागदपत्रं करून दुकानात परत घेतला. मला एवढंच म्हणाले, “तू काय बघून भाव सांगितलास ते लिहून दाखव.” मला दोन ओळीसुद्धा लिहिता आल्या नाहीत. त्या रात्री मी पहिला कागद आखला.

तो कागद आज कसा भरतो, ते एका नगावरून सांगतो.

शिरोळकडच्या एक काकी आल्या. मालक जाऊन वर्ष झालं होतं. रिव्हॉल्व्हर नियमाप्रमाणं आमच्याकडं जमा होतं. मुलगा बाहेरगावी, परवाना घ्यायची त्याची इच्छा नाही. मृत्यूचा दाखला, वारसांची संमतीपत्रं, जुना परवाना, सगळं काकींनी नीट पिशवीत आणलं होतं. एका ओळखीच्या माणसानं साठ हजार देतो म्हणून सांगितलेलं. “बाळ, मला ह्यातलं काय कळतंय? तू तुझ्या आईला जे सांगशील ते सांग.”

नग होता हॅरिंग्टन अँड रिचर्डसनचा 999 स्पोर्ट्‌समन. नऊ गोळ्यांचं, सहा इंची नळीचं, वरून मोडणारं रिव्हॉल्व्हर. कडी उचलली की नळी पुढं झुकते आणि पुंगळ्या एकदम वर येतात. आधी नंबर. परवान्यावरचा आणि फ्रेमवरचा नंबर एकेक आकडा वाचून जुळवला. इथं एक आकडा जरी चुकला तरी दुरुस्ती होईपर्यंत आमच्या लेखी भाव शून्य. मग हत्यार कितीही देखणं असो.

मग यंत्र. घोडा अगदी सावकाश मागं ओढायचा आणि तो पूर्ण चढायच्या आत सिलिंडर, म्हणजे काडतुसांची घरं असलेला फिरता भाग, आपल्या जागी खट्‌कन अडकतो का, हे नऊच्या नऊ घरांना पाहायचं. घाईनं ओढलं तर सिलिंडर वेगाच्या जोरावर जाऊन बसतो आणि दोष लपतो. हा नग नऊही वेळा वेळेवर अडकला. सिलिंडर आणि नळी यांच्यातली फट फिलर गेजनं, म्हणजे मापाच्या पातळ पट्ट्यांनी मोजली, सहा थाऊ (इंचाचे सहा हजारांश). चांगली आहे. नळीत दिवा सोडला. बावीसची शिशाची गोळी नळी फारशी झिजवत नाही. नळी खराब होते ती गंजानं, चुकीच्या गजानं तोंडाकडून साफ केल्यानं, किंवा गोळी अडकलेली असताना मागून दुसरी उडवल्यानं. त्यानं नळीत एक कडं फुगतं, आतून काळ्या सावलीसारखं दिसतं. इथं तसं काही नव्हतं. नळीतले आटे, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा, तीक्ष्ण होते.

रिमफायरची खरी परीक्षा पुढं असते. या काडतुसात पेटवणारा मसाला बुडाच्या मध्यभागी नसतो, काठात असतो. म्हणून ठोका देणारी पिन काठावर बसते. काडतूस नसताना चाप ओढला तर अनेक जुन्या नगांत तीच पिन थेट चेंबरच्या, म्हणजे काडतुसाच्या घराच्या, कडेवर आदळते आणि पोलादाला खाच पाडते. घरातली पोरं, पाहुणे, कौतुकानं बघणारे, सगळे रिकामा चाप ओढतात. मी नऊ रिकाम्या पुंगळ्या घेतल्या, प्रत्येकीचा न ठोकलेला काठ पिनेखाली येईल अशा बसवल्या आणि चाप ओढला. मग त्या हिरव्या बनातीवर ओळीनं मांडल्या. सातांवर ठसा खोल, स्वच्छ. तिसऱ्या आणि आठव्या घरातल्या दोन पुंगळ्यांवर मात्र नुसता ओरखडा. भिंगातून पाहिलं तर त्या दोन घरांच्या कडा आत दबलेल्या. पुंगळी पूर्ण बसतच नव्हती आणि ठोक्याचा जोर तिला आत ढकलण्यातच जात होता.

काकी माझ्या शेजारी बसून हे सगळं बघत होत्या. त्यांनी स्वतः ती आठवी पुंगळी उचलली, चष्मा वर केला आणि म्हणाल्या, “हितं उमटलंच नाही की.” त्यापुढं मला दोष समजावून सांगावा लागला नाही.

दबलेली कड पूर्ववत करता येते. त्यासाठी वडिलांनी लेथवर घडवलेलं एक निमुळतं अवजार आमच्याकडं आहे. म्हणून त्याचे फक्त मजुरीचे पैसे कापले. पण वरच्या कडीत किंचित खेळ होता. नळी बंद केल्यावर बोटानं दाबलं की केसभर हलायची. ही झीज बिजागरीची आणि कडीची. तिचा सुटा भाग इथं सहज मिळत नाही, कारण ती जुनी कंपनी राहिली नाही. इथं मी जवळजवळ सातवा हिस्सा कापला. मुठीच्या अक्रोडाच्या लाकडी पट्ट्या मूळच्या होत्या, स्क्रूंच्या खाचा शाबूत होत्या, म्हणजे आत कुणी अडाण्यानं हात घातला नव्हता. हे भावात वर धरलं. सगळं लिहून खाली आकडा आला 1 लाख 40 हजार. काकींनी कागद घडी घालून पिशवीत ठेवला आणि त्या साठ हजारवाल्याला फोन लावायला मला सांगितलं. मी तो फोन त्यांच्याकडूनच करवला.

माणसांची अडचण आणि हत्याराचा भाव यांची गल्लत होताना मी सर्वांत जास्त पाहिली ती 2019 नंतर. त्या वर्षीच्या दुरुस्तीनं एका माणसाला तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवायची मुभा उरली. तिसरं वर्षभरात पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडं जमा करायचं होतं. बहुतेकांनी बारा बोअरची बंदूक आणि पॉइंट बत्तीसचं हत्यार ठेवलं, बावीस सोडलं. आमच्या कपाटात बावीसची रांग लागली. निम्म्या भावात मागणारे रोज यायचे. मुदतीचा धाक घालून घेतलेला भाव हा भाव नव्हे, असं मला तेव्हाही वाटत होतं आणि आजही वाटतं. आवक वाढली म्हणून आम्हीही आकडे उतरवले, ते उतरणं रास्त होतं. पण घासाघीस करणाऱ्याला आम्ही एकच विचारायचो, कागदातली कुठली ओळ चुकलीय? ती दाखवा, कमी करतो. त्यामुळं काही गिऱ्हाइकं तुटली. दुकानाला ते वर्ष जड गेलं.

दोन परवानाधारक परस्पर व्यवहार करणार असतील तर आम्ही त्यांना एवढं आवर्जून सांगतो की जिल्हाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला घेणाऱ्याच्या नावपत्त्यासह लेखी कळवा आणि 45 दिवस जाऊ द्या. भाव ठरला म्हणून हत्यार हाती द्यायचं नाही. अशा लोकांनाही आम्ही कागद भरून देतो, त्याचे पैसे घेत नाही.

आता हिशेब आणि नोंदी माझी मुलगी पाहते. तिनं कागदात एक रकाना वाढवला, ‘काय पाहता आलं नाही’. तो आधी नव्हता याची मला खंत वाटते. काल एक वेब्ली मार्क फोर आलं आहे, बावीसचं. बर्मिंगहॅमचे प्रूफचे, म्हणजे चाचणी झाल्याचे, ठसे स्पष्ट आहेत, पण त्यात कधीकाळी शॉर्ट, म्हणजे आखूड, काडतुसं फार उडवलेली दिसतात. चेंबरमध्ये त्याचं कडं धरलं आहे. ती नुसती मळी आहे की पोलाद खाल्लं गेलं आहे, हे साफ केल्याशिवाय सांगता येत नाही. तेल सोडून ठेवलं आहे. भावाचा रकाना अजून कोरा आहे.