कड गुळगुळीत असली की माणूस वाचला

काल झोपायच्या आधी पाच मिनिटं म्हणून मोबाईल घेतला आणि दीड वाजेपर्यंत भोकं पाडलेल्या कवट्यांचे फोटो बघत बसले. हजारो वर्षांपूर्वी जिवंत माणसाच्या डोक्याचं हाड कापून काढायचे आणि माणूस जगायचा पण!

जगला हे कळतं कसं, तर भोकाच्या कडेवरून. लगेच गेला असेल तर कड धारदार राहते, हत्याराचे ओरखडे तसेच दिसतात, जगला तर हाड भरत येतं आणि कड गोलसर गुळगुळीत होते. फ्रान्समध्ये एन्सिसहाइमला सुमारे ७००० वर्षांपूर्वीची कवटी सापडली, पन्नाशीचा माणूस, दोन भोकं, दोन्हीत हाड भरत आलेलं.

पण खरी कमाल पेरूची. १८६० च्या दशकात स्क्वायर नावाच्या अमेरिकन माणसाला कुस्कोमध्ये एका बाईंच्या संग्रहातली कवटी मिळाली, फुलीगोळा खेळताना मारतो ना तशा चार रेघा कोरून मधला चौकोन उचललेला. असं करून माणूस जगला असेल हे न्यूयॉर्कच्या डॉक्टरांना काही पटेना, मग ती गेली पॅरिसला ब्रोका नावाच्या डॉक्टरकडे (मेंदूतल्या बोलण्याच्या भागाला ज्याचं नाव आहे तोच). तो म्हणाला, माणूस त्यानंतर काही दिवस तरी जगलाय. पुढे या पठ्ठ्याने स्वतः काचेने कवट्या खरवडून बघितल्या, लहान मुलाच्या कवटीला ४ मिनिटं लागली, मोठ्या माणसाच्या कवटीला ५०. हात दुखले म्हणून मधे थांबला ते धरून!

हे करायचे कशाला, तर भूत काढायला भोक पाडायचे, हे उत्तर सगळीकडे छापलेलं असतं, मला ते जरा आळशीच वाटतं. पेरूतल्या बऱ्याच कवट्यांना भोकाशेजारीच फ्रॅक्चर आहे, गोफणीचा दगड नाहीतर सोट्याचा मार, म्हणजे तुटलेलं हाड काढायचं साधं काम.

साधं म्हणजे काय, हाडाखाली मेंदूवरचं आवरण असतं, ते फाटलं की जवळजवळ संपलंच. पेरूतल्या जुन्या, म्हणजे इसवी सनापूर्वीच्या कवट्यांमध्ये निम्म्याहून कमी लोक दीर्घकाळ वाचलेले दिसतात, इंका साम्राज्याच्या काळापर्यंत (पंधरावं-सोळावं शतक) ते प्रमाण ७५ ते ८० टक्क्यांच्या घरात जातं, आणि त्यानंतर कितीतरी वर्षांनी अमेरिकन यादवी युद्धात असल्या ऑपरेशननंतर जवळजवळ निम्मे सैनिक दगावत होते. पेरूतली नंतरची भोकं लहान आहेत, आणि कापण्याऐवजी गोल गोल खरवडत हळूहळू खाली गेलेली, आवरण लागायच्या आत हात थांबवता येईल अशी.