हजेरी न दिलेली मुलगी

गाडी सुरू झाली की आधी शाळेची घंटा वाजायची. मग मुलांचा गलका, आणि मग मास्तर हजेरी घ्यायला लागायचे. एकेक नाव, एकेका पोराचं उत्तर. मध्येच ते पुकारायचे, लॉरिन हिल. उत्तर नाही. पुन्हा पुकारायचे. वर्गात नुसती कुजबुज. त्या शांततेवरच धाडकन पहिलं गाणं सुरू व्हायचं, आणि तोवर आमची गाडी स्प्रिंगफील्ड ॲव्हेन्यूला लागलेली असायची.

न्यू जर्सीतल्या माझ्या नोकरीच्या पहिल्या हिवाळ्यात मी हे रोज ऐकत होते. मला तेव्हा गाडी चालवता येत नव्हती. न्यूअर्कच्या ज्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये मी लागले, तिथलीच एक सीनियर सहकारी माझ्या गावाहून, म्हणजे मेपलवूडहून जायची. पहाटे पावणेसहाला ती खाली हॉर्न न वाजवता नुसते दिवे लुकलुकवायची, शेजारी झोपलेले असतात म्हणून. गाडी जुनी, सीडी प्लेयरवाली, आणि त्यात कायम एकच सीडी. पहिले दोन-तीन दिवस मला वाटलं, रेडिओवर शाळेचा काही कार्यक्रम लागतो. चौथ्या दिवशी विचारलं, ही मुलगी रोज गैरहजर कशी काय?

ती हसली नाही. म्हणाली, "ती आमची आहे. इथलीच." आणि मग हॉस्पिटल येईपर्यंत बोलत राहिली.

ती सीडी म्हणजे गायिका आणि रॅपर लॉरिन हिलचा 'द मिसएज्युकेशन ऑफ लॉरिन हिल' हा अल्बम. तो २५ ऑगस्ट १९९८ ला आला. लॉरिन तेव्हा २३ वर्षांची. आधी ती फ्यूजीज या तिघांच्या गटात गायची, आणि १९९६ च्या 'द स्कोअर' या अल्बमने तो गट जगभर पोचवला होता. पण त्या तिघांतली एक असणं निराळं आणि एकटीने पुढे येऊन स्वतःचं सांगणं निराळं. ती वाढली साऊथ ऑरेंजला, शिकली कोलंबिया हायस्कूलमध्ये. ही शाळा साऊथ ऑरेंज आणि मेपलवूड या दोन गावांची मिळून आहे. माझ्या घरापासून चालत पंधरा मिनिटं. अल्बमच्या मुखपृष्ठावर शाळेच्या बाकाच्या लाकडावर तिचा चेहरा कोरलेला आहे, जसं आपण करकटकाने बाकावर नाव कोरायचो तसा. त्याचे फोटो याच शाळेत काढले होते. हे कळल्यापासून संध्याकाळी तिथून जाताना माझे पाय आपोआप मंदावतात. आतल्या मुलांना माहीत असेल का, असं दर वेळी वाटतं.

एका गाण्यात तर ती तिच्या लहानपणातल्या याच भागाचं बोलते, आणि त्यात स्प्रिंगफील्ड ॲव्हेन्यूचं नाव येतं. ते येतं तेव्हा आम्ही खरोखरच त्या रस्त्यावर असायचो. बंद शटरं, बसस्टॉपवर हुडी ओढून उभी असलेली माणसं, रस्त्याकडेला काळा पडलेला बर्फ. सहकारी स्टिअरिंगवर बोटांनी ठेका धरायची. मी या देशात येऊन तीन वर्षं झाली होती, पण ज्या रस्त्यावरून मी जाते त्या रस्त्यावर कोणाचं तरी लहानपण गेलंय, हे पहिल्यांदा कळलं ते त्या गाण्यामुळे.

कौतुकाचे आकडे सांगायचे तर पुष्कळ आहेत. पहिल्याच आठवड्यात अमेरिकेत ४ लाख २२ हजारांहून जास्त प्रती खपल्या. १९९९ च्या ग्रॅमीत १० नामांकनं आणि ५ पुरस्कार. वर्षातला सर्वोत्तम अल्बम हा मान एखाद्या हिप-हॉप अल्बमला मिळण्याची ती पहिलीच वेळ. २०१५ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने जपून ठेवायच्या ध्वनिमुद्रणांत त्याची निवड जाहीर केली. २०२४ मध्ये ॲपल म्युझिकने काढलेल्या शंभर अल्बमांच्या यादीत तो पहिला आला. आणि तरीही, स्टुडिओत बसून केलेला तिचा दुसरा एकल अल्बम आजतागायत आलेला नाही. एवढ्या एकावरच सगळं उभं आहे.

पण इथली माणसं यातलं काहीच सांगत नाहीत. त्यांना विचारा, हा अल्बम का आवडतो? ती स्वतःबद्दल बोलायला लागतात.

हे मला कळायला वेळ लागला, कारण एरवी इथे कोणी स्वतःबद्दल बोलत नाही. लिफ्टमध्ये, कॅन्टीनमध्ये, लॅबच्या दारात, सगळे एकमेकांना कसं काय विचारतात आणि उत्तराची वाट न बघता पुढे जातात. मलाही ती सवय लागली. मस्त चाललंय, म्हणायचं आणि चालू पडायचं. सहकारी त्याच चालीची. तीन महिने रोज शेजारी बसून मला तिच्या घरात कोण कोण आहे हेही माहीत नव्हतं. एके दिवशी 'टू झायॉन' लागलं आणि तिने आवाज वाढवला. या गाण्यात पलटणीच्या कवायतीसारखा ड्रम आहे, वर कार्लोस सान्तानाची गिटार, आणि लॉरिन आपल्या पहिल्या मुलाबद्दल गातेय. नाव शिखरावर असताना ती गरोदर राहिली, तेव्हा लोकांनी तिला सांगितलं की डोकं वापर, करिअर बघ. तिने मनाचं ऐकलं. मुलगा १९९७ मध्ये झाला आणि वर्षभराने हे गाणं आलं.

"मलापण हेच सांगितलं होतं सगळ्यांनी," सहकारी म्हणाली. "त्याच वर्षी." तिचा मुलगा आता २७ वर्षांचा आहे, बस चालवतो. पोटात असताना आईसकट कोणीच तिच्या बाजूने नव्हतं. कामावरून सुटल्यावर ती बसमध्ये वॉकमनवर हे एकच गाणं मागे नेऊन नेऊन ऐकायची, कॅसेटची फीत ढिली पडेपर्यंत. गाण्याच्या शेवटी समूहस्वरात चर्चच्या जुन्या स्तोत्राची ओळ येते. ती लहानपणी आजीबरोबर म्हणायची तीच. "तिथे मला कळायचं की आजी असती तर माझ्याकडून बोलली असती." सिग्नल हिरवा झाला होता. मागच्याने हॉर्न दिला तेव्हा तिने गाडी काढली.

मार्चमध्ये गावच्या वाचनालयाने या अल्बमची एक ऐकण्याची बैठक ठेवली. सहकारी मला घेऊन गेली. पंचवीस-तीस माणसं, गोल मांडलेल्या खुर्च्या, दोन मोठे स्पीकर. गाणं लावायचं, मग ज्याला वाटेल त्याने बोलायचं.

एक निवृत्त शिक्षिका होत्या, सत्तरीच्या पुढच्या. त्या गाण्यांवर बोलल्याच नाहीत, गाण्यांच्या मधल्या वर्गावर बोलल्या. अल्बमभर तो वर्ग परत परत येतो. मास्तर फळ्यावर प्रेम हा शब्द लिहितात आणि मुलांना विचारतात, हे काय असतं? मुलं जे मनात येईल ते सांगतात, वाद घालतात, हसतात. ते मास्तर म्हणजे रास बराका, तेव्हा कवी आणि शिक्षक, २०१४ पासून न्यूअर्कचे महापौर. लॉरिनच्या घरच्या दिवाणखान्यात मुलं जमवून हे मुद्रित केलं होतं. शिक्षिका म्हणाल्या, "मी ३४ वर्षं शिकवलं. मुलांना हा प्रश्न मी एकदाही विचारला नाही. आणि विचारला असता तर उत्तर ऐकायला थांबले नसते." असं म्हणून त्या खाली बसल्या. आपल्याकडे एखादी निवृत्त बाई चारचौघांत असं कबूल करेल का, याचा मी बराच वेळ विचार करत होते.

मग 'एक्स-फॅक्टर' लावलं. ते इथे थोडं जवळून सांगते, कारण माझ्या मते तिच्या गळ्याची खरी ओळख इथे होते. सुरुवातीला आवाज खालच्या पट्टीत, जवळजवळ बोलल्यासारखा. किंचित घोगरा. तक्रारही अशी मांडते की समोरच्याला उत्तर देता यावं, म्हणून जागा ठेवून. मग तिच्याच आवाजाचे थर तिच्या मागे उभे राहायला लागतात, एकटीच्या भोवती तिच्याच दहा जणी. शेवटाकडे शब्द संपत येतात आणि तेच तेच मागणं उरतं, माझी काळजी घे, माझ्यासाठी रड. समूह मागतो, ती उत्तरते, आणि मध्ये गिटार शिरते. तिथे सूर कातर होतो आणि तो तिने तसाच राहू दिलाय. हरकती आहेत, पण मिरवण्यासाठी एकही नाही. श्वास घेतलेला ऐकू येतो. भावगीत ऐकत वाढलेल्या कानाला हे लगेच ओळखू येतं. शब्दाला धक्का न लावता सूर त्याच्या बाजूला उभा असतो.

हे गाणं कोणाला उद्देशून आहे यावर लोक पंचवीस वर्षं चर्चा करतायत. मला त्यात गोडी नाही. पण गाणं संपल्यावर एक केस कापणारे गृहस्थ उठले, न्यूअर्कला स्वतःचं दुकान असलेले. म्हणाले, बायका हे गाणं ऐकून म्हणतात की ही मी आहे. मी घटस्फोटानंतर ऐकलं आणि मला कळलं, ज्याच्याशी ती बोलतेय तो मी आहे. माझी बायको हेच बोलत होती आणि मला वाटायचं ती भांडतेय. खोलीत कोणी काही बोललं नाही. एकाने उठून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, आणि पुढचं गाणं लावलं.

एका तरुणाने वेगळा मुद्दा काढला आणि तो काढायलाच हवा होता. या अल्बमवर काम केलेल्या चार संगीतकारांनी, आमच्या कामाचं श्रेय मिळालं नाही म्हणून १९९८ मध्ये दावा लावला होता. २००१ मध्ये तो कोर्टाबाहेर मिटला. तरुणाचं म्हणणं, इतका प्रामाणिक अल्बम आणि श्रेयात मात्र वाद, हे कसं? थोडी गरमागरमी झाली. मला त्याचं पटलं. गाण्यातलं दुःख तिचं होतं यात शंका नाही, पण त्या दुःखाला घर बांधून देणारे हात आणखीही होते आणि त्यांची नावं घेतल्याने तिचं काही उणं होत नाही. सहकारीला हे आवडलं नाही. आजही आवडत नाही.

फिरत फिरत पाळी माझ्यावर आली. सगळे वळून बघत होते, आपुलकीने. मी म्हणाले, "फार छान अल्बम आहे. आवाज फार छान आहे." आणि खाली बसले.

परतताना गाडीत सहकारीने सीडी लावली नाही. पाऊस होता. वायपरचाच आवाज. शाळेपाशी सिग्नलला थांबलो तेव्हा मी बोलायला लागले. का ते मला सांगता येणार नाही.

माझी मुलगी १३ महिन्यांची असताना मी तिला आईकडे पाठवलं होतं. लॅबचा कोर्स आणि परीक्षा पूर्ण करायची होती, एका पगारात पाळणाघर परवडत नव्हतं, नवऱ्याची नोकरी रात्रीची. सगळ्यांनी सांगितलं, डोकं वापर. मी वापरलं. ११ महिने ती तिकडे होती. रोज व्हिडिओवर बोलायचो, ती स्क्रीनला हात लावायची आणि मी इकडून लावायचे. आईबरोबर ती परत आली तेव्हा विमानतळावर मी हात पुढे केले आणि ती आजीच्या पदराआड गेली. पदर धरून एका डोळ्याने माझ्याकडे बघत होती. आई म्हणत होती, "अगं, आई आहे ती, जा ना." ती गेली नाही. रात्रीसुद्धा नाही. नवव्या दिवशी ती आपणहून माझ्या कुशीत येऊन झोपली. मी सकाळपर्यंत कूस बदलली नाही.

त्याच कोर्सवर मला ही नोकरी मिळाली. त्याच नोकरीवर आमचं घर उभं आहे. पुन्हा तशी वेळ आली तर मी वेगळं काही करेन असं छातीवर हात ठेवून म्हणता येत नाही. पण ते गाणं लागलं की मी खिडकीबाहेर बघते. "तीन महिने तू आवाज वाढवायचीस," मी म्हणाले, "आणि मी खिडकीबाहेर बघायचे."

माझ्या घरासमोर गाडी येऊन थांबली होती. सहकारीने इंजिन बंद केलं नाही. मला वाटलं ती समजूत घालेल, तुझं काही चुकलं नाही म्हणेल, जसं मी तिच्या जागी असते तर म्हटलं असतं. ती काही म्हणाली नाही. सीडी आत सरकवली. घंटा वाजली, गलका झाला, मास्तरांनी हजेरी सुरू केली. वरच्या मजल्यावर माझ्या मुलीच्या खोलीतला दिवा लागलेला दिसत होता. लॉरिन हिल, मास्तरांनी पुकारलं. दोघी गप्प बसून होतो.