पिल्लाआधी त्याची आई

साताऱ्याला आमच्या दारात कुत्री आपली आपण यायची, शिळी भाकरी खाऊन घरची व्हायची. त्यामुळे मुलीने कॉकापूचा हट्ट धरला तेव्हा पिल्लू 'निवडायचं' म्हणजे काय करायचं, हे मला इथे रेडिंगमध्ये पहिल्यापासून शिकावं लागलं. कॉकापू म्हणजे कॉकर स्पॅनियल आणि पूडल यांचा संकर. इंग्लंडमधल्या कुठल्याही बागेत एक तरी दिसतोच.

पहिल्याच फेरीत फसणार होतो. जाहिरातीतला फोटो गोड, भावही कमी. आई बघायची आहे म्हटल्यावर विकणारा म्हणाला, ती अनोळखी माणसांना घाबरते, मीच पिल्लू घेऊन मोटरवेवरच्या सर्व्हिसेसला, म्हणजे हायवेवरच्या थांब्याला येतो. लेक बूट घालून तयार! नवऱ्याने पैदाशीसाठी काउन्सिलने दिलेल्या लायसन्सचा नंबर विचारला आणि तिकडून उत्तरं यायची थांबली. एप्रिल 2020 पासून इंग्लंडमध्ये सहा महिन्यांखालचं पिल्लू दलालाने विकणं बेकायदा आहे. ब्रीडरने, म्हणजे पैदास करणाऱ्यानेच, ते जन्मलं त्या जागी, आईसोबत दाखवायचं असतं. या कायद्याला 'लूसीज लॉ' म्हणतात. लूसी ही पिल्लांची घाऊक पैदास करणाऱ्या एका कारखान्यातून सोडवलेली कॅव्हेलियर जातीची कुत्री.

मग विल्टशरमधल्या एक ब्रीडर बाई सापडल्या. फोनवर मी यादी घेऊन बसले होते, पण प्रश्न त्यांनीच विचारले. घरी दिवसा कोण असतं? कुंपण किती उंच? भारतात जाता तेव्हा कुत्रा कुणाकडे? मुलगी दाखवायच्या वेळी आमच्याकडे एवढी चौकशी करत नाहीत.

प्रत्यक्ष गेलो तर त्यांनी पिल्लांच्या आधी फाईल काढली. कॉकर आणि पूडल या दोन्ही जातींत डोळ्यांच्या पडद्याचा एक आनुवंशिक आजार आढळतो, पीआरए. कुत्रा हळूहळू आंधळा होतो. 'संकर म्हणजे आपोआप निरोगी' हे मी जिथे तिथे ऐकलं होतं. पण दोन्हीकडे तोच दोष असेल तर संकर करून काय मिळणार? रिपोर्टमध्ये आई वाहक होती, म्हणजे सदोष जनुक तिच्यात होतं. माझा चेहरा पडला. बाईंनी शांतपणे दुसरा कागद पुढे केला, पूडल बापाचा: स्वच्छ. सदोष जनुक आई आणि बाप दोघांकडून आलं तरच आजार होतो. इथे काही पिल्लं फार तर वाहक निघतील, आंधळं एकही होणार नाही. ही गोष्ट त्यांना लपवता आली असती. माझा निर्णय तिथेच झाला.

नवऱ्याच्या ॲलर्जीबद्दल मात्र त्यांनी आमचा भ्रम मोडला. या कुत्र्यांचे केस कमी गळतात हे बरेचदा खरं, पण ॲलर्जी मुळात लाळेतून आणि त्वचेच्या कोंड्यातून होते. शिवाय एकाच वेतातली भावंडं, पण कुणाचे केस कुरळे, कुणाचे सरळ. "तासभर इथेच बसा," म्हणाल्या. ते बसले, कुत्रीने हात चाटून घेतले. दोन शिंका आल्या, पुढे काही नाही. तेवढ्यावर विसंबू नका, आणखी दोनदा येऊन बसा, असंही वर सांगितलं. गेलो.

पिल्लू अखेर आम्ही निवडलंच नाही म्हणा ना. लेकीला सगळ्यात आधी धावत येऊन बुटाची नाडी ओढणारं हवं होतं. बाई म्हणाल्या, ते शेतावरच्या घरात जाणार आहे, तुमच्या छोट्या घरात ते तुम्हाला पुरून उरेल. त्यांनी दाखवलेलं खारकेच्या रंगाचं होतं: चावी पडली की दचकायचं, पण लगेच जवळ येऊन हुंगायचं. लेक पाच मिनिटं रुसली, मग त्याचं नाव खारीक ठेवून मोकळी झाली.

आठ आठवडे पूर्ण झाल्यावर ताबा मिळाला. चिप आधीच बसवलेली, पहिली लस झालेली. करारात एक अट ठळक अक्षरांत होती: कधीही, कुठल्याही कारणाने सांभाळणं जमलं नाही तर कुत्रा परस्पर कुणाला द्यायचा नाही, परत त्यांच्याकडेच आणायचा. आईच्या वासाचं एक फडकंही मिळालं. न्यूबरीच्या आसपास खारीक लेकीच्या स्वेटरवर ओकली आणि त्याच स्वेटरवर, फडकं तोंडात धरून, झोपून गेली.