एकतीस नोव्हेंबर

शाळेच्या जुबिलीच्या सोव्हेनिअरसाठी काहीतरी लिही म्हणून बॅचच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तीनदा मेसेज आला, तेव्हा म्हटलं लिहूनच टाकतो, नाहीतर 'संपर्क होऊ शकला नाही' या यादीत माझं नाव छापतील. मी १९८७ च्या दहावीचा, बोर्डिंगचा पोरगा. एसटीत कंडक्टर आहे, तीस वर्षं होत आली. शाळेची इमारत, निकाल, ट्रॉफ्या यांवर बाकीचे लिहितीलच, मी आपला पहाटेच्या घंटेवर लिहितो.

घंटा म्हणजे चिंचेला टांगलेला लोखंडी रुळाचा तुकडा. साडेपाचला ठण ठण झालं की उठायचं, हौदावर तोंडावर पाणी मारायचं आणि बायबल नि वही घेऊन अंगणात जाऊन बसायचं, एकमेकांपासून लांब लांब, पंधरा मिनिटं. याला शांत वेळ म्हणायचे. नगरची थंडी ज्यांनी डिसेंबरात खाल्लीय त्यांना कळेल की त्या पंधरा मिनिटांत देवापेक्षा गोधडीचीच आठवण जास्त यायची. वहीत तारीख, वाचलेला अध्याय आणि खाली स्वतःबद्दल एक ओळ, एवढंच लिहायचं. स्वतःबद्दल यावर बोर्डिंगच्या सरांचा फार कटाक्ष. 'देव फार चांगला आहे' असं कुणी लिहिलं की खाली लाल शाईने लिहायचे, 'ते मला माहीत आहे. तू कसा आहेस?'

आठवीत मी शक्कल काढली. एका रात्री कंदिलापाशी बसून अख्खा नोव्हेंबर लिहून मोकळा झालो, एकाच पेनाने, एकाच दमात. महिनाअखेर सरांनी वही बघितली, पान उलटलं, परत मागे आले, चष्मा वर केला आणि म्हणाले, "लेका, एकतीस नोव्हेंबर प्रभूने खास तुझ्यासाठी काढला का रे?" सगळी पोरं फिदीफिदी. मला वाटलं आता छडी. पण छडी नाही काही नाही, वही परत हातात देऊन म्हणाले, "उद्यापासून खरं असेल तेवढंच लिही. खरं नसेल तर कोरं सोड." मग मी नऊ दिवस कोरे सोडले. दहाव्या दिवशी लिहिलं, 'कोठीतून गुळाचा खडा चोरला.' त्याच्याखाली लाल शाई आली नाही.

आता मागे वळून बघताना वाटतं की माझा ख्रिस्ती जीवनाचा खरा श्रीगणेशा (हा शब्द पाळकसाहेबांनी माफ करावा) त्या गुळाच्या ओळीपाशी झाला. बाप्तिस्मा लहानपणी झालेला, संजीवन सभांमध्ये, म्हणजे श्रद्धा नव्याने जागवायच्या प्रार्थनासभांमध्ये, मी तीन-चार वेळा पुढे जाऊन रडलोही होतो, अगदी खरं रडलो होतो, पण चौथ्या दिवशी परत तोच मी, तीच मारामारी. सभांना नावं ठेवत नाही, पण सभा म्हणजे वळवाचा पाऊस, आपल्या भागात ज्वारी येते ती जमिनीत मुरलेल्या ओलीवर.

सर हे असं सरळ कधी सांगायचे नाहीत, ते गोष्टी सांगायचे. केडगावच्या मुक्ती मिशनला ट्रिप गेली तेव्हा पंडिता रमाबाईंचं सांगितलं, की शेकडो पोरीबाळींचा संसार चालवता चालवता बाईंनी मूळ भाषांवरून अख्खं बायबल मराठीत केलं, अठराएक वर्षं रोज थोडं थोडं, १९२२ ला त्या गेल्या आणि पुस्तक पुरतं छापून आलं १९२४ ला, तिथल्याच छापखान्यात, बायकांनीच टाइप जुळवून. आणि संध्याकाळी पेटी-टाळ घेऊन टिळकांची भजनं. ना. वा. टिळक १८९५ ला ख्रिस्ती झाले, आमच्या नगरला आणि राहुरीला राहिले, आणि तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं म्हणायचे. त्या वयात हे सगळं कानावरून गेलं. पूल म्हणजे काय ते कळलं पार नोकरी लागल्यावर.

कारण नोकरी म्हणजे रविवार गेला. रविवारची ड्युटी, सणाला जादा गाड्या, नाताळलाही कधी जामखेड तर कधी शेवगाव. एका मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी चारचौघांत 'हे आमचे नाताळ-ईस्टरचे ख्रिस्ती' म्हणून माझी ओळख करून दिली, ते लागलं, अजून लागतं. त्या रात्री मुक्कामी गाडी होती. माझे ड्रायव्हर अण्णा माळकरी, गाडी देवळापाशी लावली की हातपाय धुऊन त्यांचा हरिपाठ सुरू. मी समोरच्या सीटवर नुसता बसलेलो. ते म्हणाले, "तुमच्यात काही नसतं का हो?" मला इतकी लाज वाटली! दुसऱ्या मुक्कामाला मी बायबल आणि एक शंभर पानी वही नेली. पुढे अकरा वर्षं एकाच गाडीत त्यांचा हरिपाठ आणि माझी शांत वेळ, मधे दोघांचा एक स्टो आणि एक पातेलं चहा.

एक ओळ सांगतो, २००४ ची. तेव्हा मशीन नव्हतं, तिकिटांचा ट्रे आणि पंच. एका म्हातारीने पन्नासची नोट दिली, बारा रुपये तिकीट, सुट्टे नव्हते म्हणून तिकिटामागे ३८ लिहून दिले आणि उतरताना घ्या म्हटलं. ती विसरली. मी नाही विसरलो, मी तिला उतरताना बघितलं आणि डबल बेल दिली. रात्री वेबिल, म्हणजे तिकिटांच्या हिशोबाचा कागद, लिहिताना हिशोब चोख, वर अडतीस रुपये. वही उघडली, पेन टेकवलं आणि डोळ्यासमोर आला एकतीस नोव्हेंबर. कोरं सोडायचं धाडस झालं नाही. लिहिलं, 'म्हातारीचे ३८ ठेवून घेतले.' सकाळी तीच गाडी त्याच फाट्यावरून, अण्णांना गाडी थांबवायला सांगितली, चहाच्या टपरीवर विचारलं, पोरगं धावत जाऊन तिला घेऊन आलं. पैसे हातात ठेवले तर म्हणते, "आरं, रातभर तुला शिव्या घातल्या, त्या आता माघारी कशा घेऊ?" अख्खी गाडी हसली, मी पण.

याला आध्यात्मिक वाढ म्हणतात का ते पाळकसाहेब ठरवतील. मोह गेलेला नाही, डबल बेलवरचा हात अजून कधी कधी आधी हलतो. फक्त पूर्वी कबूल करायला नऊ दिवस लागायचे, आता त्याच रात्री होतं.

वह्या सतरा झाल्यात, बायको म्हणते रद्दीत घाल. सर आता नाहीत, त्यांच्या मातीला मी जाऊ शकलो नाही, ड्युटी होती, ती ओळ नवव्या वहीत आहे.

जुबिलीचा कार्यक्रम रविवारी ठेवलाय हे पत्रिकेत बघितलं. शनिवारी मुक्काम आहे, बदली मागितली होती, मिळाली नाही. गाडी साडेअकराला नगर स्टँडला लागते (अहिल्यानगर झालं खरं, पण तोंडात नगरच बसलंय), कॅश भरून निघतो. उपासनेला पोचणार नाही, जेवणाला नक्की येतो, माझं ताट ठेवा. आणि ती चिंच अजून आहे का, कुणीतरी ग्रुपवर फोटो टाका.