वालचंद सोडून व्हीजेटीआय टेक्स्टाईल का घेतलं

सीईटीचा रिझल्ट लागल्यापासून माझा इनबॉक्स इचलकरंजी-जयसिंगपूरच्या पोरापोरींनी भरलाय आणि सगळ्यांचा प्रश्न एकच, ताई इंजिनिअरिंगला ब्रँच बघू का कॉलेज बघू. प्रत्येकाला तेच तेच टाईप करण्यापेक्षा म्हटलं एकदाच सविस्तर लिहून टाकू, लिंक पाठवायला बरी. माझी अ‍ॅडमिशन 2025 ची, त्यामुळे नियम त्या वर्षीचे सांगतेय, यंदाचे तुम्ही ब्रोशरमध्ये बघा, मला शिव्या घालू नका.

तर माझ्याकडे काय काय होतं. जेईईत काही दिवे लागले नव्हते. सीईटीला चौऱ्याण्णव पॉइंट काहीतरी पर्सेंटाईल, म्हणजे असला आकडा की लोक अभिनंदन पण करतात आणि लगेच "आता काय करणार" पण विचारतात. सीओईपी कॉम्प्युटर वगैरे विसरायचं. पण हाताशी येण्यासारखे चार पर्याय होते: घरापासून पाच मिनिटांवर डीकेटीईला कॉम्प्युटर, सांगलीत वालचंदला मेकॅनिकल, मुंबईत व्हीजेटीआयला टेक्स्टाईल, आणि पुण्यातल्या एका खाजगी विद्यापीठात कॉम्प्युटर, त्यांची एंट्रन्स मी मैत्रिणींच्या नादानं दिलेली आणि पास झालेले.

पुण्याचं आधी सांगते कारण ते सगळ्यात आधी आलं. ही विद्यापीठं कॅपची, म्हणजे सीईटीच्या मार्कांवर सरकार राउंड घेऊन सीटा वाटतं त्याची, वाट बघत नाहीत. कॅपचा पहिला राउंड लागला जुलै संपता संपता, आणि यांचे फोन मे महिन्यापासून, मॅडम सीट ब्लॉक करा, मॅडम आज शेवटची तारीख आहे, परत चार दिवसांनी तीच शेवटची तारीख. मामा पप्पांना रोज सांगायचा, "दाजी भरून टाका, हातातलं सोडू नका, कॉम्प्युटर आहे." फी वर्षाला साडेतीन लाखाच्या वर, होस्टेल वेगळं. आणि इथं एक गोष्ट लै जणींना माहितीच नसते म्हणून जरा थांबून सांगते. 8 जुलै 2024 चा सरकारचा जीआर आहे, ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना, घरचं उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल तर, प्रोफेशनल कोर्सची ट्यूशन फी आणि परीक्षा फी 100 टक्के माफ. पण अ‍ॅडमिशन कॅपमधूनच पाहिजे. मॅनेजमेंट कोट्याला नाही आणि खाजगी विद्यापीठं, अभिमत विद्यापीठं यांना पण नाही. म्हणजे कॅपमधल्या तिन्ही ठिकाणी माझी ट्यूशन फी शून्य आणि पुण्यात चार वर्षांचे चौदा-पंधरा लाख. मी हे कागदावर मांडून मामाला दाखवलं तर म्हणतोय कसा, "शिक्षणाला पैसा बघायचा नसतो." त्याची पोरगी अजून सातवीत आहे, बघू पुढं काय म्हणतोय ते. पुणं तिथं संपलं.

उरले तीन. डीकेटीई चांगलं आहे, आमच्या गावाचं आहे, राजवाड्यात भरतं, अर्धी इचलकरंजी तिथूनच शिकली. पण मी शाळा गावात, अकरावी-बारावी गावात, आणि परत सकाळी आईच्या हातचा डबा घेऊन स्कूटीवरून राजवाडा आणि दुपारी घरी, हे नको वाटत होतं. याच्यात कॉलेजचा काही दोष नाही, मला नुसतं बाहेर पडायचं होतं, आणि हे कारण पुरेसं आहे असं मला अजून पण वाटतं. लोक उगाच याला लॉजिक चिकटवत बसतात.

वालचंदचं मात्र खरंच जड गेलं. विश्रामबागेतला तो कॅम्पस, जुनं नाव, खर्च कमी, एसटीनं तासाभरात घर, मेकॅनिकलसारखी कुठंही चालणारी ब्रँच. आमच्याकडं वालचंदला लागला म्हणजे पोरगं मार्गाला लागलं असं समजतात. पहिल्या राउंडला मला तेच लागलं कारण फॉर्मला मी ते व्हीजेटीआय टेक्स्टाईलच्या वर टाकलं होतं. घरी पेढे वाटून झाले. आजी शेजारच्या काकूंना सांगत होती, सांगलीतच आहे, शनिवारी येईल.

आता नियमाचं. 2025 ला चार राउंड होते. पहिल्या राउंडला पहिली पसंती लागली तर सीट आपोआप फ्रीज, दुसऱ्याला पहिल्या तीनपैकी काही लागलं तर फ्रीज, तिसऱ्याला पहिल्या सहापैकी. फ्रीज झालं की घ्यायचंच, पुढच्या राउंडला जाता येत नाही. आणि बेटरमेंटला, म्हणजे वरची पसंती मिळते का बघायला पुढच्या राउंडला, गेलात आणि वरचं काही लागलं तर आधीची सीट जाते, ती परत मागता येत नाही. लोक काय करतात, तीनशे ऑप्शन भरता येतात म्हणून लॉटरीचं तिकीट काढल्यासारखं भरत सुटतात आणि लागल्यावर विचार करू म्हणतात. लागल्यावर विचार करायला काही उरलेलंच नसतं हो. जो काय विचार करायचा तो फॉर्म कन्फर्म करायच्या आधी. माझ्याच क्लासमधल्या एकानं नुसतं बघू म्हणून तीन नंबरला एक ब्रँच टाकली, दुसऱ्या राउंडला तीच लागली, आता रोज तिथंच जातोय.

माझं वालचंद पहिल्या नंबरला नव्हतं म्हणून फ्रीज झालं नव्हतं. पहिल्या राउंडचा कटऑफ आला तेव्हा व्हीजेटीआय टेक्स्टाईल माझ्या पर्सेंटाईलच्या खाली बंद झालं होतं. म्हणजे दुसऱ्या राउंडला एक नंबरला टाकलं की लागल्यातच जमा, आणि वालचंद गेल्यातच जमा. नशिबावर ढकलायची सोय नव्हती, सरळ निवडायचं होतं.

टेक्स्टाईलच का, तर घरी आमचे कापड विणायचे साधे माग आहेत, शटलवाले, आणि आम्ही खर्चीवाले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, सूत व्यापाऱ्याचं, कापड व्यापाऱ्याचं, आम्ही फक्त विणून द्यायचं आणि पिकावर, म्हणजे कापडातल्या आडव्या धाग्यांवर, मजुरी घ्यायची. सूत गुंडाळलेला बीम टेम्पोतून येतो, कापड टेम्पोतून जातं. सूत कुठल्या गिरणीतून आलं, त्याला आज काय भाव आहे, कापड पुढं कुठल्या प्रोसेसला जातंय, कुणाच्या अंगावर जातंय, यातलं काही आमच्या शेडमध्ये कुणाला माहिती नसतं. मजुरीचा दर वर कुठंतरी ठरतो आणि आम्हाला फोनवर कळतो. लहानपणी मी पप्पांची पीक ग्लास (धागे मोजायचं भिंग) घेऊन कापडावर डोळा लावून एका इंचातले धागे मोजत बसायची, मला तो खेळ वाटायचा. मोठी झाल्यावर कळलं की त्याच मोजण्यावर आमचं महिन्याचं गणित आहे.

मला त्या टेम्पोच्या आधी आणि नंतर काय होतंय ते बघायचं होतं. मेकॅनिकल घेऊन पण कारखान्यातच गेले असते, पण दुसऱ्या कुणाच्या. आणि व्हीजेटीआय का, तर ते कॉलेजच मुळात गिरण्यांच्या जमान्यातलं. 1887 ला सुरू झालं ते भायखळ्याला, मुंबईच्या कापड गिरण्यांना शिकलेली माणसं पाहिजे होती तेव्हा, नंतर माटुंग्याला आलं. 1982 चा संप झाला, गिरण्या गेल्या, तिथं मॉल आणि टॉवर आले, पण डिपार्टमेंट अजून आहे. शिवाय मुंबई, आणि मुंबई हे कारण मी लपवणार नाहीये.

पप्पांना सांगायला शेडमध्ये गेले. तिथं बोलायचं म्हणजे मागाच्या खटखटीत कानाशी तोंड नेऊन ओरडावं लागतं. ते तुटलेलं सूत जोडत होते, दोन बोटांत पीळ देऊन गाठ मारायची, बघेपर्यंत झालेली असते. मी ओरडले, "टेक्स्टाईल टाकतेय एक नंबरला." त्यांनी माग बंद केला, तरी बाकीचे चालूच होते, आणि म्हणाले, "यातनं बाहेर काढायला शिकवतोय मी तुला आणि तू परत यातच येतीस?" मी म्हटलं परत येत नाहीये, वरनं बघायला जातेय. ते काही बोलले नाहीत, माग चालू केला. रात्री जेवताना आईच म्हणाली, "पाठवा तिला. माझ्या वेळी मला सांगलीसुद्धा लांब होती." फॉर्म पप्पांसमोरच कन्फर्म केला, ओटीपी त्यांच्याच मोबाईलवर आला होता, त्यांनी वाचून दाखवला.

नातेवाईकांचं विचारू नका. एक काका म्हणाले व्हीजेटीआय म्हणजे ते आयटीआयच ना गं. दुसऱ्या काकू, टेक्स्टाईल म्हणजे फॅशन डिझाईन का, मग ब्लाउज शिवून देशील. यांच्यापुढं मामा बरा, त्याला निदान नाव तरी माहीत होतं, एवढंच म्हणाला, "नाव मोठं आहे पण ब्रँच..."

एक वर्ष झालंय, सगळं गोड गोड नाहीये. सुरुवातीला होस्टेल मिळालं नव्हतं, डोंबिवलीला मावशीकडं राहून येजा केली, फास्टनं दादर आणि तिथून उलटी स्लो पकडून माटुंगा, पहिल्या आठवड्यात तर दारातच रडायला आलं. फी माफ असली तरी ती ट्यूशन आणि परीक्षेची, होस्टेल, मेस, बाकीच्या फिया घरूनच जातात आणि मुंबईत चहा पण महाग. फर्स्ट इयरला मॅथ्स, फिजिक्स, प्रोग्रॅमिंग हेच जास्त, सुताशी गाठ आत्ता कुठं पडेल. प्लेसमेंटचं विचाराल तर कॉम्प्युटरवाल्यांइतकी पॅकेजेस आमच्याकडं येत नाहीत, आणि आमच्यातले बरेच जण शेवटी आयटीत जायचंय असं आत्तापासून बोलतात. तुम्हाला कोडिंगच करायचं असेल तर नुसत्या नावासाठी टेक्स्टाईल घेऊ नका, गावातलं डीकेटीई कॉम्प्युटर त्यापेक्षा कधीही बरं. हे मी मनापासून सांगतेय. आणि वालचंदला गेलेली माझी मैत्रीण मजेत आहे, शनिवारी घरी जेवते आणि मला फोटो पाठवते, मटणाचा.

दिवाळीत घरी गेले तेव्हा पप्पांनी विचारलं, एअरजेटला (हवेच्या झोतावर चालणाऱ्या मागाला) वारा किती लागतो, कॉम्प्रेसरचं बिल कसं पडतं. मला येत नव्हतं. म्हटलं अजून शिकवलं नाही. म्हणाले, "मग विचार की सरांना." विचारून आले, आणि त्यांना फोनवर सांगितलं तर पुढचे प्रश्न तयार होते.

बरं, ज्यांचं यंदा आहे त्यांनी एक करा, मुलींनी तर नक्की. नॉन-क्रिमिलेअर आणि उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढायला टाका, राउंडच्या तोंडावर सेतूत पाय ठेवायला जागा नसते आणि सर्व्हर बंद पडतो तो नेमका तेव्हाच. फॉर्मच्या पहिल्या तीन ओळी काय टाकल्यात ते मला पाठवा, रात्री दहानंतर बघते, दिवसा प्रॅक्टिकल असतंय.