देवळाला रंग दिला तर तुमचं काय जातं?

देव गावाचा, वर्गणी गावाची, मग ऑइलपेंट लावला तर तुमच्या पोटात का दुखतं? तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीटच लिहिते.

मला रंगाचं वावडं नाही. जुनं देऊळ म्हणजे उघडा काळा दगड, असं मीही एके काळी तावातावाने सांगायचे. पण वेरूळच्या कैलासावर गिलाव्याचे, रंगाचे अवशेष आजही दिसतात. लोक त्याला रंगमहाल म्हणायचे. पण ते रंग पातळ गिलाव्यावर होते, थेट दगडावर नाही. आपली यादवकाळातली देवळं चुन्याशिवाय, दगडात दगड अडकवून रचलेली. पावसाचं पाणी सांध्यांतून मुरणारच. ऑइलपेंटमुळे ती ओल आत कोंडते आणि पुढे रंगाचा पापुद्रा सुटतो तो दगडाची खपली घेऊनच.

हे सगळं मी आजोळी सांगितलं होतं. तिथल्या सभामंडपाच्या एका तुळईवर दोन ओळींचा लेख होता. ‘शके’ एवढंच वाचता यायचं, पुढची अक्षरं रंगाच्या थरांखाली बुजलेली. लेखाचा कागदावर ठसा घेऊ द्या म्हणून विचारलं, तर ‘यात्रा होऊ दे’ म्हणाले. मी थांबले. यात्रेनंतर गेले तेव्हा देऊळ स्वच्छ, राखाडी, नवंकोरं. जुना रंग काढायला कंत्राटदाराने यंत्राने वाळूचा मारा केला होता. कीचकांची, म्हणजे खांबांच्या माथ्यावरच्या भार पेलणाऱ्या मूर्तींची, नाकं बोथट झालेली, दाराच्या कोरीव चौकटीवरची वेलबुट्टी नुसती उंचसखल. तुळई गुळगुळीत. मी हात फिरवून पाहिला, मग पाण्याने ओली करून, मग तिरपा उजेड टाकून. एक काना मिळाला. अंबरनाथच्या शिवालयाचा काळ आपण छातीठोकपणे सांगतो, तो तिथल्या शके ९८२ च्या, म्हणजे इ.स. १०६० च्या शिलालेखाच्या जोरावर. आमच्या देवळाला दान कुणी दिलं, कुठल्या साली, हे आता कुणालाच कळणार नाही. देऊळ संरक्षित यादीत नाही, त्यामुळे दाद मागायलाही जागा नव्हती.

मी तिथेच भांडले. ज्यांच्याशी भांडले त्यांत माझे सख्खे मामा होते; आधीचा रंग त्यांनीच नवस फेडायला दिला होता. ते म्हणाले, ‘अगं, अंधारात देवीचा चेहरा दिसायचा नाही. रंग दिला तेव्हा तुझ्या आजीला पहिल्यांदा तिचे डोळे दिसले.’ यावर मी काय बोलणार? अभ्यासकांना लेख हवा, आजीला डोळे हवे होते. आजीचं हवंपण कमी मोलाचं, असं मी म्हणणार नाही. पण तुळईचं दुःखही सोडणार नाही.

यंदा मंडपाला पुन्हा रंग द्यायचं घाटतंय. मी म्हटलं, गाभाऱ्यात चांगला दिवा लावा, दगडाला हात लावू नका. रंग हवाच असेल तर चुन्याची सफेदी करा. मामा म्हणतात, चुना दरवर्षी कोण देणार? वर्गणी एकदाच जमते. तेही खरंच आहे.